विहिरीतल्या तेलाची साक्ष

१

त्रिंबक शेजूळ विहिरीत मेला, आणि तो उतरला तेव्हा कंदील जळत होता. निमटाकळीत या दोन गोष्टींबद्दल कुणाचंही दुमत नव्हतं, आणि सगळा घोळ तिथंच होता.

जुन्या विहिरीत उतरायचं तर आधी पेटता कंदील खाली सोडायचा, ही तिकडची रीत. खाली हवा वाईट असेल तर कंदील विझतो, आणि कंदील विझला की माणसानं उतरायचं नाही. यात शिकलेला आणि अडाणी असा भेद नाही, सगळेच पाळतात. त्या सकाळी कारखान्याच्या जुन्या विहिरीवर कंदील सोडला तो पंपावरच्या ज्ञानोबानं. छावणीतल्या बायकांनी काठावरून वाकून पाहिलं. ज्योत स्थिर होती. मग बायका शेण काढायला गेल्या, त्रिंबक लोखंडी कड्या धरत पंपाच्या तोंडात अडकलेला कचरा काढायला खाली उतरला, आणि काठावर एकटा ज्ञानोबा उरला. थोड्या वेळानं ज्ञानोबाची बोंब ऐकू आली. लोक धावले तेव्हा त्रिंबक पाण्यावर पालथा पडला होता.

दुष्काळाचं वर्ष होतं. उसाचं टिपरू नाही म्हणून सहकारी साखर कारखान्याचं धुराडं पेटलं नव्हतं, आणि रिकाम्या आवारात संस्थेनं चारा छावणी उघडली होती. दिंद्रुडपासून इकडची सगळी जनावरं तिथं. त्यांच्यासाठी पाणी उरलं होतं ते या एका विहिरीत, आणि ते राखायला अध्यक्ष आबासाहेबांनी एक शक्कल लढवली. कुठल्याशा व्याख्यानात त्यांनी ऐकलं होतं की पाण्यावर तेलाचा पापुद्रा धरला की उन्हानं पाणी उडत नाही. झालं! संस्थेच्या घाण्याचं करडईचं तेल डब्याडब्यानं विहिरीत गेलं. माणसं कोरडी भाकरी खात होती आणि विहिरीला फोडणी बसत होती. पण आबासाहेबांपुढे बोलणार कोण?

अर्जुनराव तौर आले ते अंत्यविधीला. त्रिंबक त्यांचा मेहुणा, जाईबाई त्यांची धाकटी बहीण. अर्जुनरावांची सगळी नोकरी गुजरातेत एका तेल कंपनीत गेली होती. जमिनीच्या पोटात, कुणी कधी डोळ्यांनी न पाहिलेल्या खडकात तेल, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड एकत्र कोंडले, तर तो वायू तेलात किती मुरेल, पाण्यात किती आणि मोकळा किती राहील, याचं गणित मांडायचं हे त्यांचं काम. गावाकडे विचारलं की ते सांगत, तेलात आहे. लोक समजत, किराणा असेल.

त्रिंबक त्यांना मनापासून आवडायचा. तरी चिता पेटली तेव्हा त्यांना काहीच वाटलं नाही. दात काढण्याआधी डॉक्टर हिरडी बधिर करतो, तसं आतून झालं होतं. त्यांना त्याची लाजही वाटली, पण तीही लांबून. जाईबाईसुद्धा रडली नव्हती. ती भिंतीला टेकून बसली होती आणि बायका कुजबुजत होत्या की हिला रडवा, नाहीतर ही डोक्यावर परिणाम करून घेईल.

दुपारी फौजदार दारात आले. त्रिंबक गेला त्याच्या आदल्या दिवशी पाणवठ्यावर ज्ञानोबा आणि त्रिंबक यांची सगळ्यांदेखत भांडणं झाली होती, काठावर ज्ञानोबा एकटा होता, आणि हवेत दोष नव्हता. दोन आणि दोन चार.

"उद्या ज्ञानोबाला माजलगावला नेतोय," ते अर्जुनरावांना म्हणाले. "खुनाचा गुन्हा लागेल."

"ज्ञानोबानं न्हाई मारलं," जाईबाई म्हणाली. सकाळपासून ती पहिल्यांदा बोलत होती. "दादा, तेनं न्हाई मारलं. तुमी बघा."

ती इतक्या खात्रीनं कशी म्हणाली, हे विचारायचं अर्जुनरावांना सुचलं नाही.

२

ज्ञानोबाला छावणीच्या फाटकाशी रखवालदाराच्या खोलीत बसवलं होतं. पुढ्यातली भाकरी तशीच होती आणि तिच्यावर मुंग्या आल्या होत्या.

"भांडण कशावरून झालं?" अर्जुनरावांनी विचारलं.

"पान्यावरून. हिरीचं पानी कमी व्हायलंय, पाव्हनं. जनावरं पितेत तेच्या दुपटीनं कमी व्हायलंय. त्रिंबक म्हन्ला, ज्ञानोबा, तू कुनाला देतूस बे? म्या म्हन्लं, किल्ली तुज्यापाशी, तूच देत आसशील. लई बोललो येकमेकाला. आन सकाळी पुन्हा येकाच डब्यातलं खाल्लं. आमचं आसंच हाय." तो थांबला. "होतं."

"कंदील?"

"सोडला की. गाठ हाताला लागंस्तोर सोडला. वर दोरीला गाठ हाय, ती हातात आली म्हंजी कंदील पान्यापाशी टेकला. बापाच्या वक्तापसून तसंच."

"आणि त्रिंबक पडल्यावर तू उतरला नाहीस, असं लोक म्हणतात."

"उतरलतो! कावून नाही उतरनार?" ज्ञानोबाचा आवाज चढला आणि लगेच बसला. "पार खाली गेलतो. तेच्या पाठीला हात पुरायला येक कडी राह्यली, आन डोकं गरगरलं. कानात शिट्टी वाजली, पाय लटलट करायले. कसा वर आलो ते मला न्हाई ठावं. वर येऊन वकलो, तर लोकं म्हन्ले, नाटक करतंय."

हे नाटक असेल, तर ते करायला कार्बन डायऑक्साइडनं माणसाचं काय होतं हे ठाऊक असायला हवं. कंदील जळत होता म्हणजे खाली हवा चांगली होती. ज्ञानोबाचं डोकं गरगरलं म्हणजे खाली हवा वाईट होती. एकाच विहिरीत एकाच वेळी दोन्ही खरं कसं असेल?

फौजदारांनी त्यांना फार डोकं चालवू दिलं नाही. "साहेब, आम्हीही गोट्या खेळत नाही. प्रेत काढल्यावर आम्ही आमच्या दोरीनं कंदील पार तेलाला टेकवून पाहिला. मजेत जळत होता."

"प्रेत बाहेर कसं काढलं?"

"विहिरी फोडणारा ट्रॅक्टर आणला. त्याच्या कंप्रेसरची नळी खाली सोडली, भरपूर हवा मारली आणि मग माणसं उतरवली. काळजी घ्यावी लागते ना."

"काळजी घेतलीत," अर्जुनराव म्हणाले. "आणि साक्षीदारही हाकलून दिलात."

३

खाली जो काही वायू असेल तो कंप्रेसरनं उडवला होता. त्यानंतर सोडलेला कंदील काय सांगणार? पण विहिरीत वायू एकटा नव्हता. त्याच्याखाली तेल होतं, तेलाखाली पाणी होतं, आणि ती दोघं जागची हलली नव्हती.

छावणीतल्या जनावरांच्या डॉक्टरकडून अर्जुनरावांनी बैलाला टोचायची जाड पिचकारी मागून घेतली. बुचाच्या बाटलीला दगड बांधला, बुचाला वेगळी सुतळी लावली, बाटली आत गेली की सुतळी ओढायची. अशी एक बाटली तेलाची घेतली, एक तेलाखालच्या पाण्याची आणि एक तळाजवळच्या पाण्याची. लोक गंमत बघत होते. कुणीतरी म्हणालं, पाव्हनं तेल काढून चाललेत.

पिचकारीत तेल ओढलं, तोंड अंगठ्यानं दाबलं आणि दट्ट्या मागे खेचला. तेलातून बारीक बुडबुडे उठले. तो वायू पानाच्या चुन्याच्या निवळीत सोडताच निवळी दुधासारखी पांढरी झाली. कार्बन डायऑक्साइड. घाण्यातल्या ताज्या डब्यातलं तेल घेऊन तेच केलं, तर निवळी पाण्यासारखी राहिली. मग दोन्ही पाणी तपासलं. तेलाखालच्या पाण्यात वायू होता, तळाच्या पाण्यात कितीतरी जास्त.

अर्जुनराव पंपाच्या खोलीच्या सावलीत बसून गणित करू लागले. आयुष्यभर हेच केलेलं. वरून सुरू करायचं नाही, खालून वर यायचं. तळाचं पाणी इतकं भरलेलं आहे, तर ते भरायला वर बराच काळ जवळजवळ निव्वळ वायू पडून असला पाहिजे. कंप्रेसरनं हवा मारल्यावर तेल आणि वरचं पाणी रितं होऊ लागलं, पण तळापर्यंत ती खबर अजून पोचलेली नाही. म्हणजे त्रिंबक उतरला तेव्हा तेलावर माणसाला श्वास घेण्याजोगं काही नव्हतं. उत्तर आलं आणि त्यांनी ते पुन्हा तपासलं. एरवी उत्तर जुळलं की त्यांना बरं वाटायचं, आज तेही वाटलं नाही.

त्यांनी तेलाची बाटली नाकाशी नेली. करडईचा वास होता, आणि त्याच्या मागे आणखी एक, आंबूस. तेलाला वास पकडायची खोड असते.

कारखान्याच्या आवारात मळीपासून मद्यार्क करायची डिस्टिलरी होती. तिचे व्यवस्थापक मोहनराव पंख्याखाली बसले होते. गोरे, नीटनेटके गृहस्थ, बोलणं अगदी लोण्यासारखं.

"फार वाईट झालं," ते म्हणाले. "त्रिंबक म्हणजे पंपावरचा देवमाणूस."

"डिस्टिलरी चालू आहे का?"

"छे! दिवाळीपासून कुलूप आहे. जनावरांना प्यायला पाणी नाही, तिथं डिस्टिलरीला कुठून आणायचं? आबासाहेबांचा सक्त हुकूम आहे." मोहनरावांनी तोंडापुढची चिलटं हातानं वारली. कपावर चिलटं, टेबलावर चिलटं, मागच्या बंद दाराच्या फटीपाशी तर त्यांचा थवाच. बाहेर मे महिन्याच्या उन्हात माशीसुद्धा दिसत नव्हती.

"चिलटं फार झालीत," अर्जुनराव म्हणाले.

"छावणी शेजारी आली ना. घाण."

छावणीत अर्जुनराव दुपारभर फिरले होते. तिथं गोमाशा होत्या, गोचिड होते. चिलटं आंबलेल्या गोडाला येतात, शेणाला नाही.

४

वायू कुठून आला ते कळलं. पण त्यानं ज्ञानोबा सुटत नव्हता, उलट जास्तच अडकत होता. विहिरीत वायू होता, तर कंदील विझायला हवा होता. ज्ञानोबानं कंदील सोडलाच नाही म्हणावं, तर बायकांनी जळताना पाहिला होता.

संध्याकाळच्या उन्हात अर्जुनरावांनी पंपाच्या खोलीतला तो कंदील खुंटीवरून काढला. अंबाडीची जाड दोरी, घट्ट वेटोळं, एका टोकाला कंदील आणि दुसरीकडे मुठीएवढी गाठ. त्यांनी कंदील पेटवला आणि ज्ञानोबानं सोडला तसाच सोडला, गाठ हाताला लागेपर्यंत. काठावरून पाहिलं तर खोल अंधारात ज्योत दिसत होती. पाण्याला टेकली आहे असंच वाटावं. खाली अंधार, मध्ये ठिपका, अंतर कळणार कसं?

मग एका बाईकडून आरसा मागून त्यांनी सूर्याचा कवडसा विहिरीत टाकला आणि तो हळूहळू खाली नेला. कवडसा कंदिलापाशी आला. कवडसा कंदिलाच्या खाली गेला. पुन्हा दगड, पुन्हा कड्या, पुन्हा दगड, आणि मग कितीतरी खाली तेल चमकलं.

कंदील पाण्याच्या वर दोन पुरुष उंचीवर लटकत होता.

कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, तो तळाशी साचतो. कंदील त्याच्या वर, चांगल्या हवेत, आरामात जळत होता. गाठ मारली तेव्हा विहीर भरलेली असायची. दुष्काळानं पाणी खाली नेलं, आणि दोरीला ते कुणी सांगितलं नाही. कंदीलही खरा होता, ज्ञानोबाची चक्करही खरी होती.

पण दोरी वर ओढल्यावर अर्जुनराव थबकले. कंदील बांधलेल्या टोकाचे पीळ सरळ नव्हते. ते वेडेवाकडे वळलेले होते, जसे बरेच दिवस करकचून बांधलेल्या ठिकाणी राहतात. इथं दुसरी दोरी जोडलेली होती आणि ती कुणीतरी सोडवून नेली होती.

ते तडक रखवालदाराच्या खोलीत गेले. "ज्ञानोबा, कंदिलाच्या दोरीला जोड होता का?"

"हाय की. पाडव्याला म्याच दिला. पानी खाली गेलं, कंदील पोचंना, म्हनून अंबाडीचा तुकडा खाली जोडला. वरची गाठ तशीच ठिवली, हाताला सवय."

"तो जोड आता नाही."

ज्ञानोबाला ते समजायला वेळ लागला. वेटोळं घेतलं, सोडलं, गाठ लागली की थांबला. लांबी बघायची त्याला गरजच वाटली नव्हती, कारण जोड त्यानं स्वतः दिला होता. त्याचा चेहरा एकदम म्हाताऱ्यासारखा झाला.

"मंग त्रिंबकला म्याच मारलं म्हना की," तो म्हणाला.

५

जोड नेला कुणी? मोहनरावांनी? त्यांना कंदिलाच्या दोरीशी काय करायचं होतं, त्यांना तर विहिरीपाशी माणूस न फिरकलेलाच बरा. पंपाच्या खोलीची किल्ली त्रिंबककडे, म्हणजे घरी खुंटीला.

जाईबाई सांजेला छावणीत आली होती. घरात मयत झालं तरी गाईला वैरण कोण घालणार? अर्जुनराव तिला घ्यायला गेले. गोठ्याच्या लांबच लांब ओळी, आणि प्रत्येक जनावराच्या गळ्यात बाजारातली हिरवी-निळी नायलॉनची दावी. जाईबाईच्या काळ्या गाईच्या गळ्यात मात्र अंबाडीची दोरी होती.

त्यांनी हात लावला. एका टोकाचे पीळ वेडेवाकडे होते. दुसऱ्या टोकाला रॉकेलचा वास होता.

गाय चघळत राहिली. अर्जुनरावांना वाटलं, आता तरी काहीतरी होईल आपल्याला, ओरडावंसं वाटेल. काही झालं नाही. त्यांनी मान वर केली, तर जाईबाई वैरणीची पेंढी छातीशी धरून उभी होती.

"बघितलं का, दादा?"

"बघितलं."

"छावनीत दावं आपलं आपुन आनायचं म्हन्ले. मपलं वाटंतच तुटलं. ते परळीला गेलते. किल्ली घिऊन खोली उघडली, ही लोंबत हुती. सोडून घेतली आन कंदील वरच्या दोरीला बांदला." ती एकेक शब्द जमिनीवर ठेवत असल्यासारखी बोलत होती. "सांगीन म्हन्लं सांजच्याला. मंग ध्यानातच न्हाई राह्यलं. कंदील कुनी काडलाच न्हाई की तवापसून."

ती रडत का नव्हती ते अर्जुनरावांना आत्ता कळलं. ते दुःख नव्हतं, किंवा नुसतं दुःख नव्हतं.

"उद्या मी वायूचं सांगतो," ते म्हणाले. "डिस्टिलरीचं सांगतो. दोरी कुणी नेली ते मला माहीत नाही. ऐकलंस? वायू नसता तर दोरी वीतभर असती तरी माणूस मेला नसता. हे खोटं नाही."

जाईबाईनं पेंढी गाईपुढे टाकली.

६

सकाळी छावणीच्या मांडवात सगळे जमले. आबासाहेब खुर्चीवर, शेजारी फौजदार, बाजूला मोहनराव, आणि पुढे खाली मान घातलेला ज्ञानोबा. त्रिंबकचे भाऊबंद मागे उभे होते. त्यांच्या नजरा बघता ज्ञानोबाला पोलिसांच्या गाडीत बसवणं हीच त्याची सुटका वाटावी. बायकांत जाईबाई बसली होती.

अर्जुनराव उभे राहिले. "विहिरीत तिघं भाऊ होते," ते म्हणाले. "वर मोकळी हवा, मध्ये आबासाहेबांचं तेल, खाली पाणी. कार्बन डायऑक्साइड ही त्यांची इस्टेट. ज्यानं-त्यानं किती घ्यायचं याचा निसर्गात ठरलेला कायदा आहे, त्यात पुढाऱ्याचीही चिठ्ठी चालत नाही. वरचा भाऊ कंप्रेसरनं पळवून लावला. पण उरलेल्या दोघांच्या वाटणीवरून पळालेल्याकडे किती होतं ते काढता येतं. मी काढलं. तेलावर निव्वळ विष होतं."

"आमचं तेल विषारी?" आबासाहेब दचकले.

"तुमच्या तेलानं कुणाला मारलं नाही, आबासाहेब. पाणीही फारसं वाचवलं नाही. पण साक्ष मात्र चोख दिली. त्या तेलाला आंबलेल्या मळीचा वास आहे. मळी आंबली की हाच वायू निघतो. डिस्टिलरी बंद आहे ना, मोहनराव? मग तुमच्या दाराशी चिलटं कशाला जमतात? जनावरांचं पाणी दुपटीनं कमी का होतं? वायू धुराड्यातून सोडला तर छावणीला वास येईल, म्हणून तो कुठे सोडलात?"

मोहनरावांनी हसायचा प्रयत्न केला. फौजदारांनी दोन शिपाई पाठवले. जनावरांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या. शिपाई परत आले ते नाकाला रुमाल लावून. आतली एक टाकी कोमट होती आणि तिच्यावर फेसाची साय होती. टाकीपासून निघालेला पाइप जुन्या गटारात घातलेला, आणि गटार विहिरीच्या बांधकामाला भेगेपाशी भिडलेलं. टाकीत पाणी भरायचा नळ विहिरीवरूनच आलेला.

"मोहनराव!" आबासाहेब ओरडले. त्यांना खरंच माहीत नव्हतं की माहीत नसणंच त्यांना सोयीचं होतं, हे त्या गावात कधीच कुणाला कळलं नाही.

पण मोहनराव कच्च्या गुरूचे चेले नव्हते. "ठीक आहे," ते हळू म्हणाले. "वायू होता. मग साहेब, कंदील कसा जळत होता? दोरी अपुरी होती, हे तुम्ही काल आरशानं पाहिलंत, सगळ्या छावणीनं पाहिलं. दोरीला जोड होता, हे काल रखवालदारानं ऐकलं; तो कुणी काढला? जोड आहे हे फक्त एका माणसाला ठाऊक होतं. त्यानं आदल्या दिवशी मयताशी भांडण केलं होतं. मी गटारात वायू सोडला असेल, पण त्रिंबकला आत उतरवला तो ज्ञानोबानं, जाणूनबुजून."

मागून भाऊबंदांचा गलका उठला. फौजदारांनी ज्ञानोबाकडे पाहिलं. "जोड तू काढलास?"

"म्या दिलता," ज्ञानोबा म्हणाला. "म्या न्हाई काडला."

"मग कोणी?"

उत्तर अर्जुनरावांकडे होतं. एका बाजूला निरपराध माणूस, एका बाजूला बहीण. ते गप्प बसले, आणि आपण गप्प बसलोय हे त्यांना स्वच्छ दिसत होतं.

"दोरी म्या नेली."

जाईबाई उभी राहिली होती. पदर डोक्यावर नीट घेतलेला, आवाज साधा. "गाईला दावं न्हवतं. ह्यांना इच्यारलं न्हाई, ज्ञानोबाला सांगितलं न्हाई. गाय तिथं हाय, जाऊन बघा. ज्ञानोबाला सोडा."

भाऊबंदांपैकी कुणीतरी "नवरा खाल्ला" असं पुटपुटलं.

ज्ञानोबा झटक्यानं वळला. दोन दिवसांत त्याच्या पोटात अन्नाचा कण नव्हता, पण तो ओरडला. "खोटं हाय! फौजदारसाहेब, जोड म्याच सैल मारलता. नुस्ता अडकवलता. तेव आपोआप गळून पडला आसंल, आन वैनीनं पडलेला उचलला. चूक मपली हाय. वैनी, तुमी बसा."

जाईबाईनं त्याच्याकडे पाहिलं. लहान दिरानं हट्ट केल्यावर पाहावं तसं पाहिलं.

"न्हाई, भाऊ," ती म्हणाली. "लई घट मारलता तुमी. नखानं सुटंना. दातानं सोडला म्या."

आणि मग ती रडू लागली. आवाज न करता, उभ्या उभ्याच, आणि ते थांबेना. अर्जुनराव उठले. जिभेनं जे केलं नाही ते आता करून उपयोग नव्हता, तरी ते बायकांच्या घोळक्यातून वाट काढत तिच्यापर्यंत गेले आणि तिचा हात धरला. त्यांना त्रिंबक आठवला, दिवाळीला फोनवर मोठ्यानं बोलणारा, आणि त्यांना ते सहन झालं नाही.

फौजदारांनी मोहनरावांना उठायची खूण केली आणि ज्ञानोबाला पाणी द्यायला सांगितलं.